मिनिटाला १६५ ठोके : एका शोधनिबंधाचं रसग्रहण

१६ एप्रिल १९९९ च्या 'सायन्स' साप्ताहिकात पाच पानांचा एक शोधनिबंध छापून आला. मराठीत त्याचं शीर्षक 'प्रयोगशाळेत वाढवलेल्या कार्यक्षम धमन्या' असं होईल. लेखकांच्या यादीत पहिलं नाव लॉरा निक्लासन यांचं, शेवटचं रॉबर्ट लँगर यांचं, आणि मधे पाच सहकारी. निक्लासन पेशाने भूलतज्ज्ञ, शिवाय जैवभौतिकीत पीएच.डी. केलेल्या. लँगर एमआयटीतले रसायन अभियंते. शरीरात हळूहळू विरघळणारी बहुलकं हा त्यांचा हातखंडा विषय. निबंधातला दावा दोन वाक्यांत सांगता येतो. रक्तवाहिनीचा एक छोटा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करून वाढवायच्या. मग त्याच पेशींकडून आठ आठवड्यांत हव्या त्या लांबीची नवी धमनी करून घ्यायची.

शोधनिबंधाचं रसग्रहण करायचं म्हणजे जरा अवघडच काम. तिथे भाषा मुद्दाम कोरडी ठेवलेली असते आणि लेखक कर्मणी प्रयोगाच्या पडद्याआड उभा असतो. तरीही काही निबंध पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात. त्यांत एखादी मध्यवर्ती कल्पना असते, आणि लहानसहान तपशीलही त्या कल्पनेला धरून चालतात. निक्लासन-लँगर यांचा निबंध या जातीचा आहे. कल्पना अशी, की निसर्गाची नक्कल करायची असेल तर घडून तयार झालेल्या वस्तूकडे पाहू नये, ती घडते कशी याकडे पाहावं.

ही कल्पना किती वेगळी होती ते कळण्यासाठी तिच्या आधीची परंपरा पाहायला हवी.

रक्तवाहिन्या शिवण्याचं शास्त्र सुरू होतं अलेक्सी कॅरेलपासून. वाहिनीच्या गोल तोंडावर तीन ठिकाणी टाके घेऊन ते ताणायचे, म्हणजे वर्तुळाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडेवर टाके घालणं सोपं जातं. ही युक्ती त्याने १९०२ मध्ये मांडली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. दोन वाहिन्या जोडता येऊ लागल्या. पण मधला तुकडाच निकामी झाला असेल तर तिथे काय लावायचं, हा प्रश्न उरलाच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्होरहीस यांना १९४७ मध्ये एका कुत्र्याच्या हृदयात राहिलेला रेशमी टाका दिसला. त्याच्यावर चकचकीत पातळ अस्तर चढलं होतं. सूत जर शरीर असं स्वीकारत असेल, तर सच्छिद्र कापडाची नळी का स्वीकारणार नाही? १९५२ मध्ये त्यांनी विन्यॉन नावाच्या कापडाच्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डेबेकी यांनी बायकोच्या शिवणयंत्रावर डेक्रॉनच्या नळ्या शिवल्या. त्यांना खरं तर नायलॉन हवं होतं, पण दुकानात ते संपलं होतं म्हणून डेक्रॉन घेतलं, हा किस्सा शल्यचिकित्सकांच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे.

महाधमनीसारख्या रुंद वाहिनीत या कापडी नळ्या उत्तम चालल्या, आजही चालतात. तिथून रक्त इतक्या जोराने वाहतं की गुठळी धरायला उसंतच मिळत नाही. मात्र सहा मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या वाहिनीत कृत्रिम नळी घातली की ती लवकर तुंबते. हृदयाच्या धमन्या तर तीन-चार मिलिमीटरच्याच. म्हणून रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुग्णाच्या पायातली शीर काढून हृदयावर जोडली आणि बायपासचं युग सुरू झालं. 'पायाची शीर काढून हृदयाला लावली' हे वाक्य आज मराठी घरांतही नवं राहिलेलं नाही. पण शीर ही शीरच. धमनीतला दाब सोसायला ती घडलेली नसते, आणि दहा वर्षांत अशा शिरांपैकी सुमारे निम्म्या बंद होतात. दुसऱ्या बायपासच्या वेळी पायात काढण्याजोगी शीर उरलेली नसते. काहींच्या पायात तर ती पहिल्याच वेळी धड सापडत नाही.

याच टप्प्यावर १९८६ मध्ये क्रिस्पिन वाइनबर्ग आणि युजीन बेल यांनी जिवंत पेशींपासून रक्तवाहिनी बनवली. कोलॅजेनच्या जेलमध्ये पेशी मिसळून त्यांनी धमनीचे तीन थर एकावर एक रचले. आतला थर, मधला थर, बाहेरचा थर, सगळं जागच्या जागी होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ती धमनीसारखी दिसायची. पण धमनीचा दाब ती पेलू शकत नव्हती. तिला बाहेरून डेक्रॉनच्या जाळीचा आधार द्यावा लागला. चित्र हुबेहूब जमलं होतं, बळ आलं नव्हतं. निक्लासन यांच्या निबंधाला या अपुरेपणाची पार्श्वभूमी आहे.

आता निबंधाच्या गाभ्यात शिरू.

सुरुवात होते पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या जाळीपासून. आपोआप विरघळणारे टाके ज्या पदार्थाचे असतात तोच हा. त्याच्या तंतूंची नळी करायची, आतला व्यास ३.१ मिलिमीटर. पुढची पायरी वाचताना मी दर वेळी थबकतो. ही जाळी ते सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, म्हणजे कॉस्टिक सोड्यात, थोडा वेळ बुडवतात. अल्कली तंतूंचा पृष्ठभाग किंचित कुरतडतो. मूळचं तेलकट, पाणी झटकणारं सूत त्यामुळे पाणी धरू लागतं, द्रवातली प्रथिनं त्याला चिकटतात आणि त्या प्रथिनांना पेशी. निबंधात याला जेमतेम एखादं वाक्य मिळालं आहे. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांत न भरणारी अशी पूर्वतयारी नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही. कसलेला लेखक पहिल्याच परिच्छेदात जमीन कशी तयार करतो, ते इथे पाहायला मिळतं.

मग येतात पेशी. गोवंशातल्या जनावराच्या महाधमनीच्या मधल्या थरातून काढलेल्या अनैच्छिक स्नायुपेशी. धमनीच्या आकुंचन-प्रसरणाचं काम यांचं आणि तिच्या भिंतीतलं कोलॅजेन बनवण्याचं कामही यांचंच. या पेशी जाळीवर सोडायच्या. जाळीचं काम स्लॅबच्या सेंटरिंगसारखं आहे. स्लॅब स्वतःचा भार घेऊ लागेपर्यंत ते हवं, नंतर निघून गेलंच पाहिजे. इथे ते आपोआप विरघळतं, आणि त्याच काळात पेशी आपापलं कोलॅजेन विणत राहतात. एकाची वजाबाकी आणि दुसऱ्याची बेरीज अशी जुळवलेली, की मधे कुठे नळी कोसळू नये.

आणि आता निबंधाचं मर्म. जाळीच्या नळीच्या आतून एक लवचीक सिलिकॉनची नळी घातलेली आहे. पंप तिच्यातून द्रव ढकलतो, प्रत्येक ढकलीला ती फुगते, आणि तिच्यावर वाढणारी धमनी त्याच तालात ताणली जाते. ताण व्यासाच्या पाच टक्के. वेग मिनिटाला १६५.

प्रौढ माणसाचं हृदय मिनिटाला साठ ते शंभरच्या दरम्यान चालतं. मग १६५ का? हा वेग गर्भातल्या हृदयाचा आहे. निक्लासन यांनी विचार केला तो असा: धमनी पहिल्यांदा घडते गर्भात, तेव्हा नवी धमनी घडवायची असेल तर पेशींना गर्भातल्या काळजाची लय द्यावी. आठ आठवडे, रात्रंदिवस, काचेच्या भांड्यात. या एका आकड्यात निबंधाची सारी दृष्टी सामावली आहे. आधीच्या लोकांनी धमनीचा आराखडा समोर ठेवून बांधकाम केलं. इथे आराखडा कुठेच नाही. पेशींसमोर एक परिस्थिती उभी केली आहे आणि त्या परिस्थितीला काय उत्तर द्यायचं ते पेशींवर सोडलं आहे. स्नायुपेशीला ताण जाणवतो, त्याला तोंड देण्यासाठी ती कोलॅजेन बनवते. भिंत मजबूत करा असं तिला कोणी सांगत नाही, दाबच तिच्याकडून ते करून घेतो.

पेशींच्या खुराकातही हीच समज दिसते. पोषक द्रवात क जीवनसत्त्व, तांब्याचे आयन आणि कोलॅजेनला लागणारी अमिनो आम्लं जादा घातली आहेत. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनचा तिपेडी गोफ घट्ट बसत नाही. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर असलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं ते याच कारणाने. तांबं लागतं ते कोलॅजेनचे धागे एकमेकांशी पक्के सांधणाऱ्या विकराला. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या जहाजांवरचा रोग या पाच पानांत एका घटकद्रव्याच्या रूपाने हजर आहे. निबंध हे सांगत बसत नाही. जाणकार वाचकाला ते आपसूक दिसतं.

आठ आठवड्यांनी सिलिकॉनची नळी काढून घेतात आणि मोकळ्या झालेल्या आतल्या पृष्ठभागावर अंतःस्तराच्या पेशी सोडतात. रक्ताला गुठळी धरू न देण्याचं काम या पेशींचं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बळ, मग कांती.

निकालांचा भाग वाचताना लेखकांचा संयम लक्षात येतो. पाऱ्याच्या २००० मिलिमीटरहून जास्त दाबापर्यंत या धमन्या फुटल्या नाहीत. आपला वरचा रक्तदाब १२० धरला तर हे त्याच्या सोळा पटींहून जास्त. पण लेखक तुलना करतात ती पायाच्या शिरेशी, जी बायपासमध्ये प्रत्यक्ष वापरली जाते आणि जिची फुटण्याची मर्यादा १७०० च्या आसपास आहे. तुलनेचं माप निवडताना बायपास करणाऱ्या सर्जनची अडचण डोळ्यांसमोर आहे, हे यातून कळतं. दुसरं माप टाक्याचं. भिंतीत टाका घालून ओढायचा आणि किती वजनाला भिंत फाटते ते पाहायचं. उत्तर ९० ग्रॅमपर्यंत. प्रयोगशाळेतल्या माणसाला हे माप सहसा सुचत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून, सुईमागे भिंत उसवताना पाहिलेल्या डॉक्टरला ते सुचतं. भिंतीतलं कोलॅजेन ५० टक्क्यांपर्यंत गेलं होतं.

बळाचा मुद्दा इथे संपतो आणि वागण्याचा सुरू होतो. सेरोटोनिनसारखी द्रव्यं दिली तेव्हा या धमन्या आकसल्या. नैसर्गिक धमनीइतक्या जोराने नाही, पण आकसल्या. कापडाच्या नळीला कुठलंही औषध दिलं तरी ती आकसणार नाही. या पेशी प्रौढ स्नायुपेशींची लक्षणं असलेली प्रथिनं बनवत होत्या, हेही दाखवलं आहे. शेवटी युकातान जातीच्या छोट्या डुकरांमध्ये त्यांच्याच पेशींपासून अशाच वाढवलेल्या धमन्या बसवल्या आणि त्या २४ दिवसांपर्यंत वाहत्या असल्याचं अँजिओग्राफीने नोंदवलं.

सगळ्या निबंधाला उभं करणारी गोष्ट म्हणजे शेजारी वाढवलेल्या दुसऱ्या नळ्या. तीच जाळी, त्याच पेशी, तोच द्रव, फक्त ठोका नाही. या नळ्या कमकुवत निघाल्या. ही तुलना नसती तर वाचक म्हणाला असता की जाळी चांगली होती, खुराक चांगला होता, म्हणून जमलं. तुलना असल्यामुळे श्रेय ठोक्याकडे जातं आणि दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकत नाही. कथेत ज्याला अपरिहार्यता म्हणतात ती विज्ञानात अशा नियंत्रण गटातून येते.

निबंधात उणिवा नाहीत असं नाही. धमनीच्या भिंतीत दोन मुख्य तंतू असतात. इलॅस्टिन कमी ताणाला सहज लांबतं आणि परत येतं. कोलॅजेन ताण वाढला की पुढे होऊन भार घेतं. खऱ्या धमनीची मऊ सुरुवात आणि कडक शेवट या जोडगोळीतून येतात. निक्लासन यांच्या धमनीत कोलॅजेन भरपूर आहे, इलॅस्टिन जवळपास नाही. ती मजबूत आहे, पण खऱ्या धमनीसारखी लवचीक नाही, आणि ज्या वाहिनीला ती जोडायची तिच्याशी हा स्वभावभेद राहतोच. जाळीचे काही अवशेषही भिंतीत उरले होते आणि त्यांच्या आसपासच्या पेशी बिथरल्यासारख्या वागत होत्या. हे सगळं लेखक स्वतः नोंदवतात. २४ दिवस म्हणजे फार नव्हेत, आणि त्यांना ते फार आहेत असं भासवावंसं वाटत नाही.

मोठी अडचण पानांच्या बाहेर होती. निबंधाचं स्वप्न असं, की प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून त्याची स्वतःची धमनी करायची. पण बायपासची गरज पडते ती साठी-सत्तरीत, आणि त्या वयाच्या स्नायुपेशी विभाजनाला थकलेल्या असतात. भिंत पुरी होण्याआधीच त्या थांबतात. निक्लासन यांच्या गटाने टेलोमरेज नावाच्या विकराचं जनुक घालून पेशींचं आयुष्य वाढवण्याचा मार्गही तपासला. पण पेशींचं मरण लांबवणं हे कर्करोगाच्या उंबरठ्यावरचं काम. शिवाय ज्याचा पाय वाचवायचा आहे त्याला दोन महिने थांबायला सांगणार कसं?

यातून जो तोडगा निघाला, तो या कृतीचा उत्तरार्ध समजायला हवा. तरुण, निरोगी दात्यांच्या पेशी घ्यायच्या. ठोक्यांच्या तालावर त्यांच्याकडून धमनी करून घ्यायची. आणि मग धुण्याच्या द्रावणांनी सगळ्या पेशी काढून टाकायच्या. उरतं ते फक्त पेशींनी विणलेलं कोलॅजेनचं वस्त्र. परक्या पेशी नसल्यामुळे शरीराला नाकारायला फारसं काही उरत नाही. शीतकपाटात ती वर्षभर टिकते, आणि लागेल तेव्हा काढून वापरता येते. २०११ मध्ये या पद्धतीचा निबंध आला. त्यात अशा धमन्या बबून माकडांत चालताना दाखवल्या होत्या.

ज्या जिवंतपणासाठी एवढा अट्टहास केला, तोच शेवटी धुऊन टाकायचा? पहिल्या वाचनात हा पराभव वाटतो. मला तसं वाटत नाही. पेशी निघून जातात, पण आठ आठवडे ठोका सोसून त्यांनी जी वीण घातली ती मागे राहते. आणि पुढे काय होतं पाहा. डिसेंबर २०१२ मध्ये पोलंडमध्ये एका डायलिसिसच्या रुग्णाला अशी धमनी पहिल्यांदा बसवली गेली. नंतर पुढच्या शस्त्रक्रियांच्या निमित्ताने काही रुग्णांच्या शरीरातून या धमन्यांचे नमुने मिळाले, १६ ते २०० आठवडे आत राहिलेले. २०१९ मध्ये त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. रिकाम्या भिंतीत रुग्णाच्याच पेशी येऊन वस्तीला राहिल्या होत्या. मधल्या थरात स्नायुपेशी, आतल्या बाजूला अंतःस्तराच्या पेशी, ज्या जागी ज्यांनी असायला हवं त्याच तिथे. प्रयोगशाळेने अर्धं काम केलं, उरलेलं रुग्णाच्या शरीराने.

आकडे मात्र भाबडेपणा करू देत नाहीत. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पोलंड आणि अमेरिकेतल्या डायलिसिसच्या ६० रुग्णांचा अहवाल आला. वर्षाअखेर कुठलीही दुरुस्ती न करता वाहत्या राहिलेल्या धमन्या फक्त २८ टक्के होत्या. दुरुस्ती करून चालू ठेवलेल्या धरल्या तर ८९ टक्के. आशावादी माणूस दुसरा आकडा सांगेल, निराशावादी पहिला. रसिकाने दोन्ही सांगावेत. निक्लासन यांनी २००४ मध्ये काढलेल्या ह्युमासाइट कंपनीच्या या धमनीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९ डिसेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. नाव सिमवेस. वापर हातापायाच्या धमनीला जखम झालेल्या प्रौढांसाठी, अवयव गमावण्याची वेळ आलेली असताना आणि स्वतःची शीर वापरणं शक्य नसताना. त्याआधी २०२२ पासून युक्रेनच्या युद्धातल्या जखमींवरही ती वापरली गेली होती. मान्यतेसोबत ठळक चौकटीत इशाराही छापला आहे, की ही धमनी फुटली किंवा तिचा जोड सुटला तर जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. बायपासच्या ज्या रुग्णापासून कल्पना निघाली, त्याच्यापर्यंत ती मान्यतेच्या वाटेने २०२४ मध्येही पोचलेली नव्हती.

या निबंधाची उंची नीट कळते ती श्वासनलिकेच्या गोष्टीशेजारी ठेवल्यावर.

श्वासनलिका दिसायला सोपी. सुमारे अकरा सेंटिमीटरची नळी, इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या कूर्चेच्या सोळा ते वीस कड्या, मागची बाजू मऊ, म्हणजे घास गिळताना अन्ननलिकेला फुगायला जागा. आतून रोमकांचं अस्तर, जे धूळ आणि कफ सतत घशाकडे ढकलत असतं. धमनीतून रक्त जातं, हिच्यातून हवा, म्हणजे हिचं काम हलकं असं वाटेल. खरं तर उलटं आहे. धमनी बंद, निर्जंतुक जगात राहते, तर श्वासनलिका प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरच्या जंतूंना उघडी असते. त्यात तिचा रक्तपुरवठा अगदी बारीक बारीक फांद्यांतून येतो. सर्जनने जोडावी अशी एकही मोठी वाहिनी तिला नाही. तरीही बोस्टनच्या हर्मीस ग्रिलो यांच्यासारख्या आद्य सर्जननी प्रौढ माणसात सुमारे निम्मी श्वासनलिका कापून उरलेली टोकं जोडता येतात इथपर्यंत मजल मारली. त्याहून जास्त गेली तर पर्याय नव्हता.

२०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो माकियारिनी यांनी प्लास्टिकची श्वासनलिका बसवली. तिचा आकार रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून घेतलेला, कडीला कडी जुळणारा. त्यावर रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी सोडून ती जैवभट्टीत फिरवली, ३६ तास. जगभर मथळे झळकले. कॅरोलिन्स्कात अशी शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. त्याच रुग्णालयातल्या चार डॉक्टरांनी नोंदी चाळून तक्रार केली, तेव्हा संस्थेने आधी तक्रारदारांवरच डोळे वटारले. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने या शस्त्रक्रियेवर छापलेला निबंध मागे घेतला. जून २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माकियारिनी यांना गंभीर शारीरिक इजेबद्दल अडीच वर्षांची शिक्षा सुनावली.

गुन्ह्याचा भाग न्यायालयाचा. रसिकाच्या नजरेने पाहिलं तरी ही कृती फसलेलीच दिसते. आठ आठवड्यांशेजारी ३६ तास ठेवून पाहा. आकार तंतोतंत, पण त्या आकारात पेशींनी काही घडवावं यासाठी ना वेळ, ना ताण, ना रक्त. अस्थिमज्जेच्या पेशी प्लास्टिकवर शिंपडल्या की त्या श्वासनलिका होतील, हा विश्वास होता. त्याला आधार देणारी शेजारची दुसरी नळी, तो नियंत्रण गट, कुठेच नव्हता. वाइनबर्ग-बेल यांची चूक प्रामाणिक होती, आणि डेक्रॉनच्या जाळीचा आधार लागला हे त्यांनी लिहून ठेवलं. इथे तीच चूक माणसांवर झाली आणि झाकली गेली.

पण श्वासनलिकेची गोष्ट तिथे संपत नाही, आणि तिचा पुढचा अध्याय निक्लासन यांच्या कल्पनेला अनपेक्षित दुजोरा देतो. पॅरिसजवळच्या बोबिनी इथे एमानुएल मार्टिनो यांनी श्वासनलिकेच्या जागी गोठवून ठेवलेली दात्याची महाधमनी वापरली. रक्तवाहिनीच हवेची नळी म्हणून! आतून स्टेंटचा आधार दिला, कारण धमनीला कूर्चेच्या कड्या नसतात. मेंढ्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून मगच ते माणसांकडे वळले. २०१८ मध्ये 'जामा' नियतकालिकात १३ रुग्णांचे निकाल आले. सरासरी दीड वर्षाने स्टेंट काढले. चार वर्षांच्या आसपासच्या पाठपुराव्यात १० जण जिवंत होते आणि त्यांतले आठ स्टेंट काढल्यावरही नव्याने घडलेल्या नळीतून नीट श्वास घेत होते. भिंतीत श्वसनमार्गाचं अस्तर आलं होतं आणि कूर्चाही तयार होऊ लागली होती. धमनी श्वासमार्गाच्या जागी ठेवली, आणि त्या जागेने तिला श्वासमार्गाची वळणं लावली. इथेही कोणी कड्यांचा आराखडा दिला नव्हता. काळ मात्र दिला होता.

या सगळ्यानंतर पुन्हा त्या पाच पानांकडे वळलं की एक गोष्ट स्पष्ट होते. निबंधातलं नेमकं स्वप्न, म्हणजे प्रत्येकाच्या पेशींपासून प्रत्येकाची धमनी, फळलं नाही. बायपाससाठी म्हणून त्याचा जन्म झाला आणि मान्यता मिळाली ती जखमी हातापायांसाठी. इलॅस्टिनचं कोडं अजून सुटायचं आहे. तरीही माझ्या लेखी ऊतक अभियांत्रिकीतली ही अभिजात कृती आहे. कारण तिने जे तत्त्व मांडलं, ते तिच्या स्वतःच्या स्वप्नाहून टिकाऊ ठरलं. पेशीला काय व्हायचं ते सांगू नका, ती जिथे वाढते ती जागा, तो ताण आणि तो काळ तिला द्या. आणि ते खरोखर त्यामुळेच घडलं की आणखी कशामुळे, हे शेजारी दुसरी नळी ठेवून तपासा.

वाचकाला एवढंच सांगायचं आहे. 'प्रयोगशाळेत अवयव तयार' अशी बातमी पुन्हा कधी तरी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येईल. तेव्हा फोटोतल्या हुबेहूब आकारावर जाऊ नका. त्या अवयवाला रक्त कुठून मिळतं, तो किती दिवस वाढवला, बसवल्यावर किती काळ पाहिला, आणि तुलनेसाठी शेजारी काय ठेवलं होतं, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं बातमीत नसतील तर मूळ निबंध मिळवून वाचा. तिथेही नसतील, तर टाळ्या राखून ठेवा.